जुन्या मालकिणीच्या नावानं

डॉक्टर खरं म्हणजे डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते. पण गावातल्या गाईम्हशींना सुया टोचण्यात हयात गेल्यामुळं गावानंच त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. माणसांच्या दुखण्यावरही ते मोकळेपणानं सल्ला देत, फक्त त्यांच्या मनापुढं उभं असायचं ते जनावरच. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहायला गेले त्या पावसाळ्यात मला ताप आला. डॉक्टर दाराबाहेरूनच म्हणाले, "बाई, कान गार पडलेत का बगा. आन् रवंथ... आपलं, जेवण जातंय का पोटात?"

आतून काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ओरडल्या, "अवो, ती शाळेतली बाई हाय!"

"मंग बाईला कान न्हाईत का?"

केज तालुक्यात, नांदूरघाटपासून जरा आत असलेल्या त्या गावात मी शाळेत शिकवायला होते. नवरा नोकरीला बीडला, रविवारी यायचा. डॉक्टरांनी पहिल्याच रविवारी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि संध्याकाळी मला निकाल सांगितला, "गरीब हाय. लई गरीब. चारा टाकला की झालं." माणसांचे त्यांनी असे प्रकारच पाडले होते. गरीब, मारकं, हूड, आणि बसलं की न उठणारं. आमचे हेडमास्तर कोणत्या प्रकारात बसतात असं मी विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, "मारकं न्हाई. पण शिंगं हलवतंय."

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार दचकवायची. ते कधी समोरून येत नसत आणि मागूनही येत नसत. नेहमी बाजूनं, अंगाला अंग लागेल न लागेल असे, तोंडानं बारीक 'हं, हं, हं' करत येऊन उभे राहायचे. जनावराजवळ असंच जायचं असतं. मागून गेलं तर लाथ बसते, समोरून गेलं तर शिंग लागतं. कलेक्टर आले तरी मी असाच जाणार, असं ते म्हणत. कलेक्टर काही आले नाहीत.

ते निवृत्त झाले, आणि दवाखान्याला कुलूप लागलं. त्यांच्या जागेवर कुणी आलंच नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ते होते त्यांचीही बदली झाली. आमच्या गावाला शेती कमी, माळ जास्त. निम्मी घरं मेंढरांवर आणि दुधावर जगणारी. त्यांच्या दृष्टीनं माणसांचा दवाखाना बंद पडला असता तर एक वेळ चाललं असतं. एका घरची गाभण म्हैस अडली, केजहून डॉक्टर येईस्तोवर रेडकू गेलं आणि म्हैसही गेली. त्या घरात पोरं दोन दिवस दुधावाचून नव्हे, म्हशीवाचून रडत होती. डॉक्टर तेव्हा पाहुण्यांकडं परळीला गेले होते. परत आल्यावर ते त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. घरी आले आणि जिल्ह्याच्या कचेरीला पत्र लिहायला बसले.

पत्रं त्यांनी लिहिलीही सुंदर. 'साहेब, जनावराला तोंड दिले आहे पण तक्रार दिलेली नाही, म्हणून ती मी करीत आहे,' अशी सुरुवात असायची. पत्रं जात होती, उत्तर येत नव्हतं. शेवटी ते स्वतः बीडला गेले तेव्हा तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "कागद कोण वाचतंय आता? मेल करा, मेल."

म्हणून डॉक्टरांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. नवा नाही. "नवं खोंड कशाला? आपल्याला शर्यत लावायचीय का? शिकलेलं, कामाला लागलेलं जनावर घ्यावं."

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून मला बरोबर नेलं. बीडच्या बसस्टँडमागच्या एका गाळ्यात जुने कॉम्प्युटर मिळायचे. तिथं डॉक्टरांनी केलेली खरेदी मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते एकेका कॉम्प्युटरभोवती फेरी मारत, बाजूनं त्याच्या पाठीवर हात ठेवत. मग दुकानदाराला विचारलं, "ह्याचा पहिला मालक कोण?"

"मोठ्या घरचा आहे, काका. एका मॅडमचा. त्या पुण्याला गेल्या मुलीकडं, म्हणून त्यांच्या भाच्यानं काढून टाकला."

"चालत होता तर कावून काढला?"

"जागा नाही म्हणाला पुण्यात."

"खोड काय हाय? खरं सांगा. लाथ मारतो का?"

दुकानदार गडबडला. "अर्थिंग नीट नसलं तर मारतो कधीकधी."

हे प्रामाणिक उत्तर डॉक्टरांना फार आवडलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, कुणाला कळू न देता. दुकानदार शहरातला पोरगा. त्याला वाटलं म्हातारा हात बघतोय. "काका, लग्न ठरलंय माझं," तो लाजून म्हणाला.

सौदा पटला. दुकानदारानं कॉम्प्युटर लावून दाखवला. पडद्यावर निळा रंग आला आणि मधोमध नाव उमटलं. खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्या बाई हयात आहेत आणि मेल नियमित वाचतात. आपण कुसुम म्हणू. 'स्वागत आहे, कुसुम.'

"अरे, हे जुन्या मालकिणीचं नाव राहिलंय," मी म्हणाले. "आतून साफ केला नाही का?"

"एकदम साफ आहे मॅडम. ब्लोअर मारलाय आत. धुळीचा कण सापडणार नाही. नाव काय, आत्ता काढतो."

डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "नाव कशाला काढता? कुसुम तर कुसुम. नाव बदललं की जनावर हाकेला येत न्हाई."

मला वाटलं, नुसतं नावच तर आहे. घरी जाऊन बघू. पण शाळेच्या परीक्षा आल्या, मग पेपर तपासणी आली, आणि मग सुट्टीला मी पालीला माहेरी गेले. घरात नेट तेवढं जोडून झालं होतं, आणि जाताना डॉक्टरांना एवढंच सांगितलं होतं की मी आल्यावर तुम्हाला मेलचं खातं काढून देते.

सुट्टी संपवून आले तर गावाचा रंगच वेगळा. दवाखान्याचं कुलूप निघालेलं, पायरीवर चुना मारलेला, आणि आठवड्यातून दोनदा केजहून एक डॉक्टर येऊन बसत होते. मेंढरंवाले आबा, आमच्या शेजारचेच, रस्त्यात भेटले. मला हात जोडून म्हणाले, "बाई, डाक्टरनं जादू केली. त्या डब्यात बोट घातलं आन् सरकार हललं."

मी घरी गेले. डॉक्टर कॉम्प्युटरपुढं बसले होते. पेन्सिलीच्या बोथट टोकानं एकेक अक्षर टोचत होते, प्रत्येक टोचणीआधी त्या जागेवर दोनदा टिचकी मारून.

"डॉक्टर, मेल कुणी काढून दिलं?"

"काढायचं काय त्यात? आधीच होतं तिच्यात. उघडलं आन् लिव्हलं. उत्तर बी तुरंत येतंय. फक्त एक गोष्ट कळत न्हाई." ते बाजूनं माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ते मला मॅडम म्हणतेत."

"काय?"

"हे बगा. 'आदरणीय मॅडम, आपल्या पत्रानुसार तातडीने कार्यवाही करीत आहोत.' मला वाटलं कारकुनाला दिसत नसंल. पण दुसऱ्या पत्रात बी मॅडम, तिसऱ्यात बी. मंग मनात आलं, बाईच तर आपल्या नावानं लिहीत न्हाईत ना पालीहून?"

मी पडद्याकडं पाहिलं आणि मटकन खाटेवर बसले. मेल जुन्या मालकिणीचं होतं. बाई निघून गेल्या तरी त्यांचं खातं त्या डब्यात उघडंच राहिलं होतं. डॉक्टर पत्राखाली इमानदारीनं आपलं नाव, गाव, हुद्दा, 'निवृत्त' हा शब्द, सगळं लिहीत होते. पण वर मात्र प्रत्येक पत्रावर कुसुम मॅडमचं नाव उमटत होतं. आणि कचेरीत कागद वरून वाचतात, खालपर्यंत कोण जातं? शिवाय या मॅडम साध्यासुध्या नव्हत्या. माझ्या नवऱ्याला फोन करून नाव सांगितलं तर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला असावा, आवाजावरून तसं वाटलं. जिल्ह्यात त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या हाताखाली वाढलेली अर्धी माणसं अजून कचेऱ्यांतून होती, आणि त्यांचं नाव दिसलं की अजूनही शर्टाची बटणं लावत. त्यांना वाटलं, मॅडमनीच कुण्या गावच्या माणसाचं गाऱ्हाणं पुढं पाठवलंय.

मी हे सगळं डॉक्टरांना समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता पांढरे पडले. पेन्सील खाली ठेवली.

"म्हणजे मी इतके दिवस दुसऱ्याच्या घरात बसलोय?"

"तसं म्हणा हवं तर."

"आन् तेही बाईमाणसाच्या?"

"थांबा, पाच मिनिटांत काढून टाकते. खातं बंद करते, सगळं पुसते, तुमच्या नावानं नवं करते."

"हात लावू नका!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की काकू बाहेर आल्या. "आधी चोरून बसलो, आता वरून घर बी पाडू? मालकिणीची इजाजत पाहिजे. तिला इचारायचं, मंग पुसायचं."

त्या मॅडमचा फोन नंबर आमच्याकडं नव्हता. दुकानदाराला तो भाचा पुन्हा दिसला नव्हता. आम्हाला माहीत होता तो एकच पत्ता, त्यांच्या मेलचा. डॉक्टरांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. ते त्यांनी कोरी टोपी घालून लिहिलं. 'माननीय मॅडम, आपल्या गैरहजेरीत आपल्या नावाचा वापर माझ्याकडून अजाणता झाला. जनावर चुकून दुसऱ्याच्या रानात शिरते त्याप्रमाणे मी शिरलो. आमच्या घरातल्या बाई सगळे पाच मिनिटांत पुसणार होत्या, पण आपल्या परवानगीशिवाय मी पुसू दिलेले नाही. आपण म्हणाल तो दंड कबूल.' पाठवायचं बटण दाबलं. दुसऱ्या क्षणी टिंग असा आवाज झाला आणि मॅडमच्या नावानं पत्र हजर.

"आलं!" डॉक्टर म्हणाले. उघडलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, लई रागावल्यात. माझंच पत्र मला माघारी पाठवलंय. एक शब्द बी इकडचा तिकडं न्हाई."

मला हसू आवरेना. मॅडमच्याच खात्यातून मॅडमनाच पत्र पाठवलं होतं. ते दुसरीकडं कुठं जाणार? मी हे समजावत होते तोवर त्याच पत्राखाली आणखी एक पत्र उमटलं. या खेपेला शब्द वेगळे होते.

'डॉक्टर, तुमची सगळी पत्रं मी इथं पुण्यात फोनवर वाचते आहे. म्हशीचं पत्र जावयाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंत तेव्हा मी कचेरीत एक फोनही केला होता, एवढंच विचारलं की पत्र वाचलंत का. पुढच्या आठवड्यात बीडला लग्नाला येते आहे. तुमच्या गावाला येऊन जाईन. तोपर्यंत काहीही पुसू नका. काहीही.'

डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले. पत्र संपलं तरी उभेच.

त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटर चालू करण्याआधी खाकरायला सुरुवात केली. दारात उभं राहून दोनदा खाकरायचं, जरा थांबायचं, आणि मग बाजूनं जाऊन बटण दाबायचं. कडेला फोटोंचा एक कप्पा दिसायचा, त्याच्यावर त्यांनी पडद्याला कागदाचा तुकडा डकवला, की नजरच जायला नको. काकू हे सगळं चुलीपुढून बघत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, माज्या खोलीत येताना जन्मात कधी खाकरले न्हाईत हे."

गोष्ट गावात फुटली, ती फुटणारच होती. काकूंनी शेजारणीला सांगितलं आणि बजावलं की कुणाला सांगू नको. दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं. कुणाला पांदीचा रस्ता हवा होता, कुणाला विजेचा खांब दारातून हलवायचा होता. एकाला मेहुण्याची बदली हवी होती, तीही बायकोला न कळता, उलट्या दिशेला. "डाक्टर, तेवढं मॅडमच्या नावानं टाका की." डॉक्टरांनी सगळ्यांना हाकललं. "हे काय बेवारशी खळं हाय का बे? ज्यानं यावं त्यानं घमेलं भरून न्यावं!"

पण आबांना हाकलणं त्यांना जड गेलं. केजहून येणारे डॉक्टर आबांना म्हणाले होते की माझं इथलं येणं तात्पुरतं आहे, महिनाअखेर संपतं, कायमचा माणूस हवा असेल तर वरूनच दट्ट्या यायला हवा. आबा हे ऐकून सरळ आमच्याकडं आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"एकच पत्र, डाक्टर. शेवटचं."

"आबा, नाव आपलं न्हाई."

"माज्या मेंढरांना काय ठाव नाव कुणाचं हाय? ती सुई ओळखतेत. तुमी तर खाल्ल्या मिठाला जागणारे. एवढी जनावरं तुमच्या हाताखालून गेली, त्यांच्याकडं बगा जरा."

आबा गेल्यावर डॉक्टरांनी ते पत्र लिहिलं. दुपारभर लिहिलं. मी शाळेतून आले तेव्हा ते पडद्याकडं बघत बसले होते, बोट बटणावर.

"बाई, तुमी दाबा."

"मी का?"

"तुमी बाई हाव. तुमी दाबलं तर तेवढं पाप लागत न्हाई."

"डॉक्टर, उगाच काहीतरी नका सांगू."

त्यांनी बोट बटणावरून काढून घेतलं. मग म्हणाले, "अडलेल्या म्हशीपुढं मी कधी अडलो न्हाई. हितं अडलोय बगा." आणि पत्र न पाठवता उठून माळाकडं निघून गेले. जाताना कॉम्प्युटर बंद करायचंही विसरले, म्हणून मीच केला. खाकरून.

मॅडम आल्या त्या दिवशी डॉक्टरांनी निवृत्तीच्या समारंभाचा सफारी घातला होता. पोटावरचं बटण लागत नव्हतं, तिथं काकूंनी पिन लावली होती. गाडीतून उतरल्या त्या बाई माझ्या खांद्याएवढ्या. सुती साडी आणि पायात पोरं खेळायला घालतात तसे पांढरे बूट. कुठंय म्हणून न विचारता त्या थेट घराकडं चालू लागल्या. डॉक्टर सवयीप्रमाणे बाजूनं 'हं, हं' करत सरकले. बाई गर्रकन वळल्या.

"समोरून या हो. मी लाथ मारत नाही."

डॉक्टर जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर जाऊन उभे राहिले.

मॅडम कॉम्प्युटरपुढं बसल्या. पडद्यावरचा कागदाचा तुकडा बघून विचारलं, "हे काय?"

"तिथं तुमचे फोटो हायेत मॅडम. नजर जाऊ नये म्हणून."

बाईंनी तो तुकडा नखानं अलगद काढला आणि फोटो उघडले. डॉक्टर लगेच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पर्समधून पेनड्राइव्ह काढून बाईंनी माझ्या हातात दिला, आणि मी फोटो उतरवून घेत असताना त्यातला एकेक बघत राहिल्या. एका गृहस्थांचे होते सगळे. बिंदुसरेच्या धरणावर कणीस खाताना, खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेले, लुंगी सावरत कुत्र्यामागं पळताना.

"आमचे हे," त्या म्हणाल्या. "गेले दोन वर्षांपूर्वी. घरात त्यांचे जे फोटो लावलेत ते सगळे सत्काराचे. शाल, नारळ आणि ताठ मान. तसे ते कधी नव्हतेच. खरे हे आहेत, आणि हे एवढ्या डब्यातच होते. भाच्याला म्हटलं कॉम्प्युटर बांधून ठेव, त्यानं विकूनच टाकला. दुकान कुठलं तेही धड सांगेना, ओरडा बसेल म्हणून. मी आशा सोडली होती. आणि एक दिवस बघते तर माझ्याच नावानं एक म्हैस मेल्याचं पत्र गेलेलं."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं असतं तर घाबरले असते. घाबरलेला माणूस आधी पुरावा पुसतो. नोकरीभर हेच बघितलंय मी. म्हटलं, लिहू दे हवी तेवढी पत्रं. लिहितो आहे तोवर डबा शाबूत आहे." त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "डॉक्टर, तोंड फिरवा इकडं. या बाई पाच मिनिटांत पुसायला निघाल्या होत्या म्हणे. तुम्ही का नाही पुसू दिलं?"

"मालकीण जिवंत असताना कसं पुसावं?" डॉक्टर भिंतीशीच बोलले.

मॅडमनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच नाक पुसून सावरल्या. फोटो उतरवून झाले होते. त्या मला म्हणाल्या, "करा आता रिकामा." मग थांबल्या. खिडकीच्या गजांना मेंढरंवाले आबा आणि त्यांच्यामागं निम्मी गल्ली लटकलेली होती, ते त्यांनी कधीच पाहिलं होतं. चेहरा सरळ ठेवून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पुसण्याआधी माझ्या नावानं शेवटचं काही पाठवायचंय?"

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. आबा बाहेरून मान हलवून, डोळे मोठे करून 'व्हय म्हणा, व्हय म्हणा' असं सांगत होते.

"न्हाई मॅडम," डॉक्टर म्हणाले.

आबांनी कपाळाला हात मारला.

मी पुसायला घेतलं. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं का. डॉक्टर म्हणाले, "ते मालकिणीला इचारतंय." मॅडमनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. काम चालू होतं तेवढ्यात काकूंनी धपाटे आणि दही आणलं. मॅडम जमिनीवर मांडी घालून जेवायला बसल्या. जेवताना काकूंना त्यांनी विचारलं की तुम्ही यांना इतकी वर्षं सांभाळलंत कसं. काकू म्हणाल्या, "सांभाळलं कुटं? सोडून दिलं चरायला."

कॉम्प्युटर कोरा झाला. मी डॉक्टरांच्या नावानं नवं खातं काढून दिलं. ते पेन्सील घेऊन बसले आणि आमच्या सगळ्यांसमोर पत्र लिहायला लागले. तेच पत्र, कायमच्या डॉक्टरबद्दलचं, पण आता वर आणि खाली दोन्हीकडं त्यांचंच नाव. फार वेळ लागला. मॅडम धीरानं थांबल्या. पत्र संपलं असं वाटलं तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली.

"मॅडम, एक इजाजत पाहिजे."

"बोला."

"पत्र माझं, सही माझी, जबाबदारी माझी. फक्त सगळ्यात खाली एक ओळ टाकतो." आणि टोचत टोचत त्यांनी लिहिलं, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर,' आणि त्यापुढं मॅडमचं पूर्ण नाव. "हे तर नियमात बसतंय न्हवं?"

मॅडमना हसताना असा ठसका लागला की काकूंना पाठीवर थापटावं लागलं. "सरकारी नोकरीत फुकट गेला नाहीत तुम्ही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पाठवा. आणि प्रत मला खरंच पाठवा."

खिडकीत आबा बाकीच्यांना विचारत होते की प्रत म्हणजे काय. कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी मुंडासं काढून हवेत उडवलं.

काही महिने गेले, पण कायमचा माणूस आला. माणूस म्हणजे एक तरुण मुलगी, गेवराईकडची, नुकतीच पास झालेली, हुशार आणि तिखट. दवाखाना पुन्हा रोज उघडू लागला. डॉक्टरही रोज उघडायच्या वेळेलाच तिथं जाऊन बसू लागले. ती म्हशीला तपासायची, मग हे बाजूनं सरकून तीच म्हैस पुन्हा तपासायचे आणि 'हं, बरोबर हाय' म्हणायचे. ती सुई भरायची, तर हे सुईकडं डोळे बारीक करून बघायचे. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, हात जोडून सांगितलं. शेवटी तिनं जिल्ह्याच्या कचेरीला लेखी तक्रार केली, आणि कचेरीनं तिची प्रत डॉक्टरांना पाठवून दिली.

मी शाळेला निघाले होते. डॉक्टर पडद्यापुढं बसून ती तक्रार मोठ्यानं वाचत होते. "'सदर निवृत्त कर्मचारी हे दररोज सकाळी दवाखान्यात येऊन बसतात व प्रत्येक जनावर पुन्हा तपासतात.' वा! मराठी लई चांगलं हाय पोरीचं."

"डॉक्टर, ती तुमच्याविरुद्ध आहे."

"ते कळलंय मला." ते उठले, टोपी घातली, कोपऱ्यातली छत्री उचलली.

"मग आता तरी घरी बसा. निघालात कुठं?"

"दवाखान्यात," ते चपला घालत म्हणाले. "पोरीनं लेखी दिलंय बाई, मी रोज येतो म्हणून. नवी नोकरी हाय तिची. आज न्हाई गेलो तर तिचा कागद खोटा पडंल."